घरी बनणाऱ्या गाडीसाठी लेझर कटिंग: गॅरेजवाल्या तरुणांनी काय शिकून घ्यावं?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची एक छोटी जीप देशभर गाजली होती. दत्तात्रय लोहार यांनी जुन्या भागांपासून ती घरीच बनवली होती. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी साधारण ६० हजार रुपयांत तयार झाली होती. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, गाडी नियमांत बसत नाही हेही स्पष्ट सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

बातमी तिथे संपली. पण स्वतःच्या हाताने गाडी बनवण्याची हौस काही तिथे संपत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं 'बाहा एसएईइंडिया'सारख्या स्पर्धांसाठी दरवर्षी खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या बग्गी बनवतात. ही स्पर्धा २००७ पासून सुरू आहे आणि इंदूरजवळच्या पीथमपूरच्या ट्रॅकवर अनेक वर्षं भरली आहे. कुणी गो-कार्ट बनवतो, कुणी जुन्या जीपची चासी उघडी करून नव्याने बांधतो, कुणी मोटारसायकलचं इंजिन चार चाकांवर बसवतो. यातली बरीच गाडी शेवटी एखाद्या गॅरेजमध्ये येते. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावापर्यंत, त्या गॅरेजमध्ये वेल्डिंगचा हेल्मेट घालून बसलेला उस्ताद बऱ्याचदा आपल्यातलाच असतो.

डेंटिंग, पेंटिंग, वेल्डिंग, रेडिएटर, कमानपाट्याचं काम, हा हुनर आपल्या समाजात बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे आला आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांच्या तुलनेत जास्त असल्याची नोंद आहे. पण गेल्या काही वर्षांत या कामात एक बदल शांतपणे शिरला आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "उस्ताद, इथे एक ब्रॅकेट बनवून द्या." आता कॉलेजची पोरं सहा मि.मी. प्लेटचे कापलेले तुकडे पिशवीत घेऊन येतात आणि म्हणतात, "भाई, एवढं फक्त वेल्ड करून द्या."

'फक्त वेल्ड' या दोन शब्दांत धंद्याचा सगळा हिशोब बदलतो. माप कुणी घेतलं, आकार कुणी ठरवला, भोक कुठे पाडायचं हे कुणी सांगितलं, त्याचे पैसे त्याला मिळतात. वेल्डिंग करणाऱ्याला मिळते ती मजुरी. लेझर मशीन विकत घेणं छोट्या गॅरेजच्या आवाक्यातलं नाही आणि त्याची गरजही नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर-अंबड, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत जॉबवर्कवर लेझर कटिंग करून देणारी दुकानं आहेत. मशीन त्यांचं असू द्या. ड्रॉइंग मात्र आपलं हवं, आणि ते कसं करायचं हेच या लेखात सांगायचं आहे.

लेझर पत्रा कापतो म्हणजे काय करतो?

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत चालवून दाखवला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९६७ मध्ये, इंग्लंडमधल्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी लेझरच्या किरणाबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून एक मि.मी. पोलादी पत्रा कापला. आजची मशीन कितीही झगझगीत दिसली तरी मूळ युक्ती तीच आहे. किरण धातू वितळवतो, वायूचा झोत वितळलेला रस खाली उडवून देतो, आणि संगणक ते डोकं ठरलेल्या रेषेवरून फिरवतो.

आता बहुतेक दुकानांत फायबर लेझर असतो. त्याचा किरण काचेच्या बारीक तंतूमध्ये तयार होतो आणि भिंगातून जाऊन केसाच्या जाडीच्या ठिपक्यावर एकवटतो. कापलेली फट साधारण ०.१ ते ०.३ मि.मी. रुंद असते. गॅस कटरने कापताना दोनेक मि.मी. धातू जळून जातो, वर हात हलला की कड वाकडी. ग्राइंडरचं कटिंग व्हील सरळ रेषेत चालतं, पण गोल खाच त्याने पाडता येत नाही. लेझरला रेष सरळ असली काय आणि फुलपाखराची असली काय, सारखंच.

वायू कोणता वापरला हे मात्र विचारून घ्या. साध्या पोलादाची जाड प्लेट बहुतेक वेळा ऑक्सिजनवर कापतात, कारण लोखंड ऑक्सिजनमध्ये स्वतःही जळतं आणि त्या उष्णतेने कापायला मदत होते. पण कडेवर ऑक्साइडचा काळपट थर राहतो. त्यावर थेट रंग मारला तर काही महिन्यांत तो कडेपासून पापुद्र्यासारखा सुटतो, आणि वेल्ड केलं तर टाक्यात बुडबुडे राहायची भीती असते. म्हणून अशी कड आधी ग्राइंडरने चकचकीत करून घ्यायची. नायट्रोजनवर कापलेली कड स्वच्छ येते, पण वायू जास्त लागतो आणि दरही जास्त पडतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमसाठी नायट्रोजनच योग्य.

आणि एक इशारा. दुकानात लेझर चालू असताना आपला वेल्डिंगचा चष्मा लावून आत डोकावायला जाऊ नका. फायबर लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण थेट आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतो. मशीनला बंद कॅबिन आणि खास काच असते ती त्यासाठीच.

आधी पुठ्ठा, मग कॅड

माझ्या मते गॅरेजवाल्याला लेझरसाठी लागणारं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं. इंजिन चासीवर ठेवून, विटा-लाकडाचे टेकू लावून, मधल्या जागेत पुठ्ठा कापून बसवायचा आणि त्यावरून पत्रा आखायचा, हे काम उस्ताद वर्षानुवर्षं करतो. त्याला कुणी ते 'डिझाइन' आहे असं सांगितलेलं नसतं, एवढंच. आठशे वर्षांपूर्वी दियारबकीरच्या दरबारात काम करणाऱ्या अल-जझारी या मुस्लिम अभियंत्याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांवरच्या ग्रंथातही कागदाचे नमुने करून रचना आधी तपासण्याची रीत नोंदलेली आहे. पुठ्ठा कापणं हे अडाण्याचं काम नाही.

फरक पुढच्या पायरीला पडतो. पुठ्ठा घेऊन लेझरच्या दुकानात गेलात तर काउंटरवरचा माणूस विचारणार, "ड्रॉइंग आणलंय का?" त्याला हवी असते डीएक्सएफ प्रकारची फाइल. दुकानवाला पुठ्ठ्यावरून ड्रॉइंग करूनही देतो, पण त्याचे पैसे घेतो, आणि त्याने घेतलेलं माप चुकलं तर वाद तुमच्याच गळ्यात.

फाइल करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लिब्रेकॅड सपाट ड्रॉइंगसाठी फुकट आहे. फ्रीकॅडमध्ये त्रिमितीत भाग उभा करता येतो आणि पत्र्याच्या कामासाठी वेगळी जोडणीही मिळते. साधा जुना लॅपटॉप चालतो. पुठ्ठ्यावरची मापं व्हर्नियरने घ्या. आधी भोकांच्या केंद्रांमधलं अंतर, मग बाहेरची कड. ब्रॅकेट बसतो तो भोकांवर, त्यामुळे कड एक मि.मी. इकडेतिकडे झाली तर चालते, भोक अर्धा मि.मी. सरकलं तर बोल्ट आत जात नाही.

ड्रॉइंग करताना नवशिक्यांचे पैसे कुठे जातात, ते ठरलेलं आहे. डीएक्सएफ फाइलमध्ये कधीकधी एकक नीट पोहोचत नाही. तुम्ही मिलिमीटरमध्ये काढलेला भाग समोरच्याच्या संगणकावर इंचात उघडला तर तो २५.४ पट मोठा होतो. एवढा मोठा झाला तर निदान लक्षात तरी येतं. उलटं झालं तर टाचणीएवढा भाग होतो. म्हणून फाइलबरोबर एक मुख्य माप लिहून पाठवा, "एकूण लांबी १५० मि.मी." असं. एकाच जागी दोन रेषा एकमेकींवर पडल्या तर मशीन तिथून दोनदा कापतं. रेषा कुठे तुटलेली असेल तर आकार बंद होत नाही आणि ऑपरेटर फाइल परत पाठवतो. फटीची रुंदी सॉफ्टवेअर स्वतः धरतं, त्यामुळे तुम्ही मापात वाढ-घट करू नका, खरं माप काढा.

फाइल पाठवण्याआधी ड्रॉइंग कागदावर छापा. प्रिंटरला 'पानात बसव' असा हुकूम न देता शंभर टक्के मापात छापायचं. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, गाडीवर लावून बघा. खर्च झाला तर पाच-दहा रुपये. लेझरवाला फाइलप्रमाणे कापून देतो आणि त्याची जबाबदारी तिथे संपते. चुकलेली प्लेट भंगारात गेली तर नुकसान ड्रॉइंग देणाऱ्याचं.

भोकं, कोपरे आणि आटे

जेवढी प्लेट जाड, किमान तेवढ्या व्यासाचं भोक, हा जुना आणि सुरक्षित नियम. सहा मि.मी. प्लेटमध्ये चार मि.मी.चं भोक आजची चांगली मशीन पाडते, पण ते वरून-खालून सारखं निघेलच असं नाही. किरण जिथून आत शिरतो तिथे बारीकसा खड्डाही राहतो. एम-१० बोल्ट सैलसर जायचा असेल तर १०.५ किंवा ११ मि.मी. भोक द्या आणि निश्चिंत राहा. पण जिथे बोल्टला हलायला जागा असूनच चालत नाही, उदाहरणार्थ सस्पेन्शनच्या टॅबमध्ये, तिथे लेझरने ९.५ मि.मी. कापून घ्यायचं आणि शेवटचं माप ड्रिल-रीमरने करायचं.

आटे पाडायचे असतील तर आणखी जपून. ऑक्सिजनवर कापलेल्या भोकाची आतली कड कडक होते आणि टॅप तुटतो. एम-८ च्या आट्यांसाठी ६.८ मि.मी.चं भोक लागतं. ते लेझरने न पाडता फक्त मध्य खूण करून घ्या किंवा लहान भोक पाडा आणि ६.८ चा ड्रिल स्वतः चालवा.

भोकाचं केंद्र कडेपासून भोकाच्या व्यासाच्या दीडपट तरी आत हवं, दुप्पट असेल तर उत्तम. आतले कोपरे टोकदार ठेवू नका. लेझरला टोकदार कोपरा कापायला काहीच अडचण नसते, म्हणून नवशिके तो तसाच ठेवतात. हादरे बसणाऱ्या भागात तडा नेमका तिथूनच सुरू होतो. तीन-चार मि.मी.ची गोलाई दिली की एक पैसा जास्त न लागता भाग कितीतरी जास्त टिकतो.

लेझरची खरी मजा मात्र खाच आणि जीभ यांच्या जोडणीत आहे. एका प्लेटला जीभ ठेवायची, दुसरीत तेवढीच खाच, मध्ये ०.२ मि.मी.ची मोकळीक. दोन्ही प्लेटा एकमेकींत बसल्या की काटकोन आपोआप जुळतो, गुण्या धरून बसावं लागत नाही, क्लॅम्पही कमी लागतात. टॅक मारायचा आणि पुढे जायचं. एकसारखे चार ब्रॅकेट करायचे असतील तर चारही खरोखर एकसारखे होतात. हाताने कापून हे करायला फार मोठा कारीगर लागतो.

वाकवायचा भाग: इथे सगळे फसतात

समजा तीन मि.मी. पत्र्याचा एल आकाराचा ब्रॅकेट हवा आहे. बाहेरून दोन्ही बाजू ५० मि.मी. सपाट पत्रा किती लांबीचा कापायचा? बहुतेक जण म्हणतात १००. थोडा विचार केलेला म्हणतो ९४, कारण दोन्ही बाजूंनी जाडी वजा केली. बरोबर उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे.

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलत नाही. साध्या पोलादात हा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या साधारण ४० टक्क्यांवर धरतात. आतली गोलाई तीन मि.मी. असेल तर त्या थराची त्रिज्या ३ अधिक १.२, म्हणजे ४.२ मि.मी. काटकोनात वाकवलं की त्या थराची लांबी ४.२ गुणिले १.५७, म्हणजे ६.६ मि.मी. दोन्ही बाजूंचा सरळ भाग ५० वजा ६, म्हणजे ४४-४४ मि.मी. एकूण झाले ९४.६.

शंभर मि.मी. कापलं असतं तर ब्रॅकेट ५.४ मि.मी.ने मोठा झाला असता, आणि दुसऱ्या बाजूचं भोक तेवढंच सरकलं असतं. इंजिन माउंटिंगमध्ये एवढं सरकलं तर बोल्ट बसत नाही. मग गॅस कटरने भोक लांबट केलं जातं, आणि लेझरवर खर्च केलेले पैसे पाण्यात जातात.

हे ४० टक्के म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ज्या दुकानात वाकवणार तिथली प्रेस ब्रेक आणि तिची डाय यावर आतली गोलाई ठरते. म्हणून वाकवणाऱ्याला आधी विचारा, "तीन एमएमला तुमच्याकडे आतला रेडियस किती येतो?" हा एक प्रश्न विचारला की समोरचा तुम्हाला मजूर समजत नाही, हा फायदा वेगळा. वाकण्याच्या रेषेजवळ भोक ठेवू नका. गोलाई संपल्यावर जाडीच्या दुप्पट अंतर सोडलं नाही तर भोक अंडाकृती होतं. वाकवायची बाजू जाडीच्या चौपटीपेक्षा आखूड असेल तर ती डायवर टेकतच नाही.

भाव कसा लागतो

लेझरवाल्याचं बिल तीन गोष्टींवर उभं असतं: माल किती किलो, कापायची रेष एकूण किती लांब, आणि किरण किती ठिकाणी नव्याने आत शिरतो. प्रत्येक भोक म्हणजे एकदा नव्याने शिरणं. त्यामुळे वजन कमी करायला प्लेटमध्ये चाळणीसारखी भोकं पाडली की ती दिसायला छान, पण बिल वाढवते.

वजन स्वतः काढायला शिका. एक चौरस मीटर, एक मि.मी. जाड पोलादी पत्र्याचं वजन ७.८५ किलो. तुमचा ब्रॅकेट १५० बाय १०० मि.मी., जाडी सहा असेल तर ०.०१५ गुणिले ६ गुणिले ७.८५, म्हणजे साधारण ७०७ ग्रॅम. चार ब्रॅकेटचे पावणेतीन किलोच्या थोडं वर. गिऱ्हाइकासमोर हा हिशोब केलात तर दर पटवून द्यायला वेगळी वकिली करावी लागत नाही.

एक-दोन तुकड्यांसाठी दुकानवाला आख्खी शीट मशीनवर चढवायला नाखूश असतो. त्याच्याकडे उरलेल्या शीटचे तुकडे असतात, त्यात बसवून देता का ते विचारा. नाहीतर ओळखीच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांचं काम एकत्र करून न्या. माल कोणता आहे हेही विचारायचं. वाकवायच्या पातळ पत्र्याला सीआर, जाड प्लेटला एचआर, आणि बांधकामाच्या प्लेटला आयएस २०६२ हे मानक. भंगारातली अनोळखी प्लेट स्वस्त पडते, पण ती किती भार घेईल हे कुणीच सांगू शकत नाही.

जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा वेल्डिंगच्या भागाला घेऊ नका. तापल्यावर त्यातून पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जुने वेल्डर दूध पिऊन हे निभावतात. दूध चांगलं, पण त्याने धूर थांबत नाही. कडेचा मुलामा घासून काढा, हवा खेळती ठेवा आणि योग्य मास्क वापरा. गॅरेजात बारा-चौदा वर्षांचा शागिर्द शेजारी उभा असतो, त्याची फुफ्फुसं तर आणखी कोवळी. खरं तर त्या वयात त्याने तिथे नसावंच.

कोणता भाग कधीच कापून घ्यायचा नाही

बॅटरीचा ट्रे, डॅशबोर्ड, पंख्याचं कव्हर, सीटचे ब्रॅकेट, गसेट, इंजिन माउंटच्या प्लेटा, मडगार्डचे आधार, ही सगळी कामं लेझरला जमतात. स्टीअरिंगचे आर्म, नकल, ब्रेकची पेडल-जोड, चाकाचा हब हे मात्र कापलेल्या प्लेटमधून करण्याचा मोह टाळा. कंपनीचे असे भाग बहुतेक फोर्ज केलेले किंवा खास ओतकामाचे असतात, त्यांवर उष्णतेची प्रक्रिया झालेली असते आणि ते हजारो वेळा दाबून-पिळून तपासलेले असतात. लेझरने हुबेहूब तोच आकार कापून मिळतो, आणि धोका नेमका त्यातच आहे. दिसायला दोन्ही सारखे, पण एक रस्त्यावर तुटतो. प्लेटमधला भाग वाकण्याआधी सूचना देईलच असं नाही. हादऱ्यांनी थकलेलं पोलाद एका क्षणात जातं. हे भाग जुन्या चालू गाडीचे, तपासून, मूळ जोडीसकट घ्यावेत.

कॉलेजच्या स्पर्धांमध्ये हे नियमांनीच बांधलेलं असतं. बाहाच्या बग्गीचा मुख्य सांगाडा पत्र्याचा नसून नळीचा असतो. २५ मि.मी. व्यास, तीन मि.मी. जाडी आणि पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन अशी तिथली मूळ अट आहे, आणि तपासणीत मालाचं प्रमाणपत्र मागतात. मुलं तुमच्याकडे असा सांगाडा घेऊन आली तर वेल्ड करण्याआधी तो कागद बघायला मागा.

गाडी रस्त्यावर नेता येते का?

थोडक्यात उत्तर: नाही. आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगणं तुमच्याच फायद्याचं आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने याबाबत थोडी सैल भूमिका घेतली होती, पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यानंतर चासी किंवा सांगाड्यातल्या बदलांना जागा उरली नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मंजूर सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी करायचा बदल यांना रीतसर परवानगीचा मार्ग आहे.

पूर्णपणे नवी, घरी बनवलेली गाडी नोंदवायची तर नमुना गाडी पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा अधिकृत संस्थेत चाचण्यांना उतरवावी लागते. ही पद्धत कारखान्यांसाठी आहे. एकट्यादुकट्याला तो खर्च झेपत नाही. इंग्लंडमध्ये वेगळा मार्ग आहे. तिथे १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या किटमध्ये मिळायची, कारण किट घेतलं तर खरेदी कर लागत नसे. त्या परंपरेतून आज तिथे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून नोंदणी देण्याची सोय आहे. आपल्याकडे हौशी माणसासाठी अशी खिडकी असायला हवी, असं मला वाटतं. पण ती आज नाही.

'आपल्या शेतात चालवायची आहे' असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. नोंदणीबद्दलचं कलम ३९ नीट वाचलं तर त्यात सार्वजनिक जागेबरोबर इतर जागांचाही उल्लेख आहे. शिवाय नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि चौकशीत 'हे वेल्डिंग कुणी केलं' हा प्रश्न येतोच. स्पर्धेची गाडी ट्रॅकपर्यंत टेम्पोतून न्यायची आणि टेम्पोतूनच परत आणायची. काम घेताना एका कागदावर ते कशासाठी आहे हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. ड्रॉइंगवर तारीख आणि कितवी आवृत्ती हेही टाका. तोंडी व्यवहारावर आपल्या लोकांचा भरवसा मोठा, पण आरटीओला तोंडी काही दाखवता येत नाही.

शिकायचं कुठे

दहावीनंतर आयटीआयमध्ये जाणारी आपली मुलं बहुतेक मोटार मेकॅनिक किंवा वेल्डर हे ट्रेड घेतात. घरात गॅरेज असेल तर हे काम मुलगा घरीही शिकणारच आहे. अशा मुलाने ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड किंवा शीट मेटल वर्कर हा एक वर्षाचा ट्रेड घेतला तर घरात नसलेली गोष्ट घरात येईल. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे कॅडचे कोर्स चालतात. घरातली मुलगी कॉम्प्युटरवर बसत असेल तर ड्रॉइंगचं काम तिच्या हातीही देता येतं. या कामाला घण उचलावा लागत नाही.

कोर्सची वाट न बघता सुरुवात करायची असेल तर पहिलं ड्रॉइंग बॅटरीच्या ट्रेचं करा. दोन मि.मी. सीआर पत्रा, चारही बाजू वर वाकवलेल्या, तळाला पाणी निथळायला चार भोकं. तुटला तरी कुणाच्या जिवावर बेतणार नाही. वाकवून आला की व्हर्नियरने आतलं-बाहेरचं माप घ्या, कागदावर काढलेल्या मापाशी ताडून बघा आणि जो फरक येईल तो त्या दुकानाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या ब्रॅकेटला तोच आकडा लागणार आहे.